मूळ आणि पकड

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास एका साध्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. "आपले गाव कोणते?" हा तो प्रश्न. आगगाडीतला सहप्रवासी तो विचारतो, नव्या ठिकाणचा शेजारी विचारतो, मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात तर तो पहिल्या पाच मिनिटांतच निघतो. आपण जन्मगावाचे नाव सांगतो आणि लगेच, 'पण तिकडे जाणे आता फारसे होत नाही,' अशी पुस्ती जोडतो. मग नोकरीच्या गावांची यादी येते, मुलांच्या शाळांची येते, त्या शाळांतल्या भाषांची येते. ऐकणारा सहानुभूतीने मान हलवितो आणि म्हणतो, "म्हणजे मुलांना मूळ असे कुठेच धरता आले नाही म्हणायचे!" महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या वाचकांपैकी हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा क्वचितच कोणी असेल. आमच्यापुरते सांगायचे तर, ह्या 'मूळ' शब्दाकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहू लागलो ते एका शेवाळामुळे. ते ओख्याच्या किनाऱ्यावर वाढते. त्याला मूळ नसते. आणि तरीही लाटांच्या माऱ्यात ते आपली जागा सोडीत नाही.

ओखा हे सौराष्ट्राचे वायव्येकडील टोक. येथे रेल्वे संपते आणि कच्छच्या आखाताचे तोंड सुरू होते. समोर बेट द्वारका. तिकडे पूर्वी होडीनेच जावे लागे, २०२४ च्या फेब्रुवारीत पूल खुला झाल्यापासून मोटारी जाऊ लागल्या. मराठी माणसास हा मुलूख वाटतो तितका परका नाही. ओखामंडळ हा बडोद्यापासून दूर तुटून पडलेला, पण गायकवाडांच्या अमलाखालील प्रदेश होता, आणि ओख्याचे बंदर १९२६ मध्ये बडोदे संस्थानानेच उभारले. बडोद्याहून हुकूम हाती घेऊन येथे येणाऱ्या अंमलदारांना हा वाऱ्याचा, खाऱ्या पाण्याचा, झाडाच्या सावलीस पारखा प्रदेश कसा वाटला असेल ह्याची कल्पना आम्हांस करता येते. कारण आम्हीही १९९८ मध्ये असाच एक हुकूम घेऊन येथे आलो तेव्हा पहिले आठ दिवस घरातल्या ट्रंका सोडल्या नव्हत्या. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे अकरा वर्षे ओखा व आमचा रत्नागिरी जिल्हा एकाच राज्यात नांदले. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले. २०१३ मध्ये जामनगर जिल्ह्यातून देवभूमी द्वारका हा नवा जिल्हा निघाला. कातळावरच्या शेवाळास ह्यांपैकी एकही परिपत्रक मिळाले नाही.

ह्या किनाऱ्याची शास्त्रीय पाहणीही बडोद्याच्याच आश्रयाने सुरू झाली. जेम्स हॉर्नेल ह्या सागरी जीवशास्त्रज्ञाने बडोदे सरकारसाठी ओखामंडळाच्या समुद्रजीवनावर लिहिलेला अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुढे १९२७-२८ च्या हिवाळ्यात बर्गेसेन हे डेन्मार्कचे शैवालशास्त्रज्ञ हिंदुस्थानात आले आणि ओखा, द्वारका, मुंबई येथून शेवाळे गोळा करून त्यांनी त्यांच्यावर विस्ताराने लिहिले. १९५४ मध्ये भावनगरास मीठ व सागरी रसायने ह्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था स्थापन झाली; तिच्या संशोधकांनीही ह्या कातळांवर ओहोटीच्या वेळा धरून पुष्कळ काम केले. एका ओसाड वाटणाऱ्या किनाऱ्याकडे इतक्या शहाण्या माणसांनी इतक्या लांबून यावे, ही गोष्ट आम्हांस त्या ट्रंका सोडण्याच्या कामी उपयोगी पडली.

आम्ही मात्र शास्त्रज्ञ नव्हे. आमची ह्या शेवाळाशी ओळख करून दिली ती भरती-ओहोटीच्या कोष्टकाने. बंदराशी संबंध असलेल्या कचेरीत हे कोष्टक असतेच. एका ओहोटीपासून दुसऱ्या ओहोटीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून आजची ओहोटी उद्या सुमारे ५० मिनिटे उशिराने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या दिवसांत ओख्यास पाणी सुमारे तीन मीटर चढते आणि तितकेच उतरते. असे पाणी पार उतरले की एरवी कधी न दिसणारा चुनखडीचा कातळ उघडा पडतो. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी कोष्टकात सोयीची वेळ दिसली की आम्ही जुने कॅनव्हासचे बूट चढवून मुलीचा हात धरून निघत असू. घरी स्वस्थ बसून तिघांनी एकमेकांस कंटाळा आणण्यापेक्षा हे बरे, एवढाच त्यामागचा हेतू होता.

किनाऱ्याकडून पाण्याकडे चालत गेले की कातळावर जणू एकेक आळी लागते. वरच्या भागात, जेथे पाणी थोडाच वेळ येते, तेथे पातळ पोपटी पानांचे उल्व्हा. त्याच्या खाली पॅडिना. ह्याची पाने पंख्यासारखी असतात आणि त्यांवर चुन्याच्या फिकट वर्तुळरेघा असतात. अगदी खाली, उधाणाच्या ओहोटीतच जी जागा उघडी पडते तेथे, आणि त्याच्याही पलीकडे सदैव पाण्याखाली असणाऱ्या खडकांवर, सारगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाचे राज्य. ओख्यास त्याच्या अनेक जाती आहेत. त्यांतल्या एकीच्या लॅटिन नावाचा अर्थच 'अत्यंत नाजूक' असा आहे. पाणी उतरल्यावर ही झाडे एकमेकांच्या अंगावर ओल्या वस्त्रांसारखी पडून राहतात. वरचा थर उन्हात काळवंडतो, खालचा त्याच्या आडोशाला ओला राहतो. पाणी परत आले की सगळी उभी राहतात. त्यांना उभे करतात त्या वाटाण्याएवढ्या, कधी त्याहूनही लहान, हवेने भरलेल्या गोळ्या. जमिनीवरचे झाड खोडाच्या बळावर उभे राहते. हे झाड आपल्या पोटातल्या हवेच्या बळावर पाण्यात उभे राहते, म्हणून त्याला जाड खोडाची गरज पडत नाही.

हात घालून बुंधा चाचपला तर खाली एक लहानशी चिवट चकती लागते. तीच त्याची पकड. पाहणारा तिला मूळ म्हणतो, पण ते मूळ नव्हे. मुळाला दोन कामे असतात: झाडाला धरून ठेवायचे आणि जमिनीतले पाणी व क्षार शोषून त्याला पोसायचे. ह्या चकतीकडे पहिलेच काम आहे. ती खडकाला चिकटून बसते. खडकातून घेत काहीही नाही. शेवाळाचे पोषण होते ते त्याच्या सर्वांगाने. भरतीचे जे पाणी अंगावरून वाहून जाते त्यातलेच क्षार, त्यातलाच कर्बवायू ते पानापानाने टिपून घेते. एका खडकाला धरून राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यावर पोसायचे, अशी त्याची व्यवस्था आहे. धरून ठेवणारा अवयव वेगळा आणि पोसणारा वेगळा. आपण माणसांविषयी बोलताना 'मूळ' हा एकच शब्द दोन्ही कामांसाठी वापरतो आणि तेथेच पुष्कळ घोटाळा होतो, असे आम्हांस वाटू लागले.

त्याहून नवलाची गोष्ट आम्ही पुढे वाचली. तपकिरी शेवाळे ही काटेकोर अर्थाने वनस्पतीच नव्हेत. आंबा, दूर्वा आणि हिरवे उल्व्हा ह्यांचे जे कुळ, त्यापासून हे कुळ फार पूर्वीच वेगळे झालेले. डायाटम नावाच्या सूक्ष्म जीवांशी त्यांचे नाते अधिक जवळचे. त्यांच्या पेशींतले अन्न तयार करणारे कणही मुळात घरचे नव्हेत. अतिप्राचीन काळी त्यांच्या एकपेशीय पूर्वजाने एक तांबडे शेवाळ पोटात घेतले आणि ते पचविण्याऐवजी आपल्या पेशीतच वसविले. त्याचेच वंशज हे कण. त्यांच्यात हरितद्रव्य आहेच, पण त्यावर फ्यूकोझँथिन नावाच्या रंगद्रव्याची छाया पडलेली असते, म्हणून शेवाळ तपकिरी दिसते. हे रंगद्रव्य पाण्यात खोलवर पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाशही उपयोगात आणते. ज्याला आपण ह्या जीवाचा खास रंग म्हणतो, तो असा बाहेरून आलेल्या पाहुण्याने दिलेला आहे; मात्र आज तो वेगळा काढू म्हटले तर जीवच उरणार नाही.

लाटांच्या तडाख्यात हे झाड मोडत नाही ह्याचेही कारण आहे. त्याच्या पेशींच्या भिंतींत अल्जिनिक आम्लाचे क्षार असतात. त्यामुळे अंगाला रबरासारखी लवचिकता येते आणि पाणी धरून ठेवता येते. स्टॅनफर्ड ह्या रसायनज्ञाने १८८१ मध्ये हा पदार्थ वेगळा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आज तो कापडावर छपाई करताना रंग दाट करण्यास लागतो, आइस्क्रीममध्ये लागतो, जखमेच्या पट्टीत लागतो. दंतवैद्य कवळीसाठी तोंडात जो थंड लगदा भरून माप घेतो तोही ह्याचाच. निवृत्तीच्या वयास आलेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तपकिरी शेवाळाची चव अशी नकळत घेतली असेल. तमिळनाडूत मन्नारच्या आखाताकाठी सारगॅसम गोळा करून विकण्यावर अनेक कोळी कुटुंबांचा, विशेषतः बायकांचा, निर्वाह काही अंशी चालत आला आहे.

ह्या झाडाचे वर्ष आपल्या वर्षाहून वेगळे असते. पावसाळ्याचा खवळलेला समुद्र निवळला की जुन्या बुंध्यांना कोंब फुटतात. डिसेंबर-जानेवारीत झाडे हातभर, दीड-दोन हात उंच होतात आणि त्यांना फळत्या फांद्या येतात. उन्हाळा जवळ येऊ लागला की ह्या फांद्या झडतात. मे महिन्यात जावे तर खडकाला चिकटलेले आखूड बुंधे तेवढे दिसतात. पाहणाऱ्यास वाटते, संपले. पण पकड शाबूत असते, आणि पुढल्या हिवाळ्यात तीच पुन्हा अंग धरते.

फळत्या फांद्यांत सुईच्या टोकाएवढी भोके असतात आणि आत लहान पोकळ्या. त्यांत अंडी व रेतपेशी तयार होतात. पुष्कळ जातींत अंडी बाहेर पडण्याची वेळ चंद्राशी, म्हणजे उधाण-भांगाशी, बांधलेली असते. अंडे बाहेर आले तरी ते लगेच वाहून जात नाही. चिकट स्रावाने आईच्या अंगालाच लागून राहते. तेथेच ते फळते, विभागू लागते, त्याला खडक धरण्याचे बारीक तंतू फुटू लागतात, आणि मगच ते सुटून खाली पडते. लाटेत नुसते सोडून देण्यापूर्वी धरण्याचे साधन हाती द्यायचे, एवढे आईपण हे शेवाळ पाळते. सुटलेली बहुतेक पिले फार दूर जात नाहीत. जपानी सारगॅसमच्या अभ्यासात ती बहुतांशी दोन-तीन मीटरांच्या आतच बसलेली आढळली.

मग हे शेवाळ दूरच्या किनाऱ्यांवर पोहोचते कसे? वादळात, जोराच्या लाटेत, फांदी किंवा सबंध झाड तुटते. पोटातल्या हवेमुळे ते बुडत नाही. प्रवाहाबरोबर आठवडेच्या आठवडे तरंगत जाते. वाहताना ते जिवंत असते, पाण्यातून पोषण घेते, आणि त्याच्या अंगावर फळत्या फांद्या असतील तर त्या पिकतातही. पण साधारणपणे एक गोष्ट त्याला पुन्हा साधत नाही. तुटलेली फांदी नव्या खडकाला पकड घालू शकत नाही. ती एखाद्या अनोळखी किनाऱ्यावरून जाताना तिच्या अंगावरची पिले सुटली, तर ती त्या खडकावर बसतात. नवी वसाहत होते ती त्या पिलांची. वाहून आलेले झाड स्वतः पुढे जाते, किंवा वाळूवर येऊन सुकते.

ही माहिती आम्ही प्रथम वाचली त्या दिवशी पुस्तक मिटून काही वेळ तसेच बसलो. 'पुन्हा धरत नाही' हे वाक्य शेवाळाविषयी होते. वाचणारा मात्र पंधरा-सोळा घरे बदललेला मनुष्य होता.

सारगॅसमच्या दोन जाती अशा आहेत की त्यांनी पकडीचा नादच सोडून दिला आहे. अटलांटिक महासागरातल्या सारगासो समुद्रात त्या जन्मभर तरंगत असतात. १४९२ मध्ये कोलंबसच्या गलबतांना वाटेत लागले ते हेच शेवाळ. त्या कधी खडकाला लागत नाहीत आणि त्यांना अंडी-पिले असा प्रकारही नाही. तुकडे पडतात आणि तुकडेच वाढतात. २०११ पासून अटलांटिकच्या उष्ण भागात त्यांचे प्रचंड पट्टे दिसू लागले. २०१८ मध्ये उपग्रहांनी टिपलेला पट्टा सुमारे ८,८५० किलोमीटर लांब होता आणि त्यातले शेवाळ दोन कोटी टनांहून अधिक भरले. किनाऱ्यांवर त्याचे ढीग येऊन कुजतात आणि तेथील लोकांना नकोसे होतात. दुसरे टोक जपानी सारगॅसमचे. कालवांच्या बियाण्याबरोबर ते जपानहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले, आणि १९७३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरही रुजलेले सापडले. तेथे ते इतके फोफावले की स्थानिक शेवाळांच्या वाट्याचा प्रकाश व जागा घेऊ लागले. परगावी नांदण्याच्या ह्या दोन्ही रीती बऱ्या नव्हेत, हे सांगण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. जेथे कुठेच धरायचे नाही तेथे किनाऱ्याला ओझे होते. जेथे सगळेच धरायचे तेथे शेजाऱ्याला.

ओख्याचे सारगॅसम ह्या दोहोंच्या मधले. त्याच्या दाटीत लहान मासे लपतात, खेकडे व गोगलगाई चरतात, पानांवर सूक्ष्म शेवाळे आणि इतर जीव बिऱ्हाड करतात. ओहोटीत त्याच्या ओल्या थराखाली हे सगळे गणगोत पाण्याची वाट पाहत जिवंत राहते. खडकातून काही न घेता त्याने खडकावर एक वस्ती उभी केलेली असते.

आता घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंचे पत्र आले. गावच्या घराची कौले काढून नवी घालावी लागणार होती, वासे बदलायचे होते. दादांनी खर्चाचा अंदाज लिहिला होता आणि शेवटी लिहिले होते, "तू निवृत्त होऊन येशीलच. पण तुझ्यामागे काय? पोरीचे नाव आताच उताऱ्यावर चढवून घे आणि तिला वर्षातून एकदा तरी येथे येण्याची शपथ घाल. नाही तर आपली मुळे उखडली असे समज." दादांचे अक्षर पूर्वीइतके स्थिर राहिलेले नव्हते. त्या पत्रात घराची काळजी होती, आणि त्याहून अधिक आपल्यामागे दिवा कोण लावील ह्याची होती. आम्ही ते तीनदा वाचले.

मुलगी तोवर जामनगरास नोकरीस लागून तेथेच स्थिर झाली होती. मराठी ती उत्तम बोलते, पण हिशेब करताना तिच्या ओठांवर गुजराती आकडे येतात. पत्र वाचून ती म्हणाली, "बाबा, मी काकांना नाही म्हणणार नाही. पण शपथ घेतली तर ती तुमच्यासाठी असेल, घरासाठी नाही." आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "तिला खरे बोलल्याबद्दल रागावू नका."

आम्ही रागावलो नाही. आम्हांस तिच्या दहाव्या वर्षाची आठवण झाली. तेव्हा नाताळच्या सुटीत आम्ही तिला गावी नेले होते. ओहोटीच्या वेळी ती आमच्याबरोबर खडपावर उतरली. ज्या काळ्या खडपावर आमचे बालपण कालवे फोडण्यात गेले, जेथल्या तपकिरी शेवाळाला आम्ही 'पाय घसरतो' ह्यापलीकडे कधी ओळखले नव्हते, तेथे ती एकदम खाली बसली, हवेच्या गोळ्या बोटांनी दाबून पाहिल्या आणि आनंदाने ओरडली, "बाबा, हे तर आपलं ओख्याचं!" कोकणच्या किनाऱ्यावरही सारगॅसम वाढते, मालवणपर्यंत त्याच्या जाती आहेत. आम्ही ओख्यास आलो तेव्हा तेथे आम्हांस आपले असे काहीच दिसले नव्हते. तिला मात्र आमच्या गावात आपले असे काही सापडले होते, आणि ते ओख्याचे होते. त्या दिवशी आम्हांस किंचित वाईट वाटले होते. पत्र आले त्या रात्री वाटले, की पोरीने त्या खडपाला याहून खरे आपलेपण कोणत्या शब्दांत दिले असते?

शेवाळाचे उदाहरण माणसास तंतोतंत लागू पडते असे आम्ही म्हणणार नाही. शेवाळाला आठवण नसते, भावंड नसते, भावाचे कापरे अक्षर त्याला वाचावे लागत नाही. आम्हांस लागते. म्हणून आम्ही दादांना सविस्तर उत्तर लिहिले. कौलांच्या खर्चातला आमचा अर्धा वाटा पाठविला. जोवर आम्हां दोघांच्या अंगात चालण्याची शक्ती आहे तोवर दर वर्षी गणपतीला आम्ही येऊ, आणि दिवा लावण्याची पाळी आमची असेल तेव्हा ती चुकविणार नाही, असे कळविले. उताऱ्यावर मुलीचे नाव यायचे ते वारसाहक्काने आपल्या वेळी येईल. त्यासाठी आज तिला शपथ घालणार नाही, हेही लिहिले. ज्याला खडक धरायचा आहे त्याला तो निवडू द्यावा; आपण फार तर धरण्याचे साधन हाती देऊन सोडावे. ते आम्ही भाषेच्या आणि चार रीतींच्या रूपाने आपल्या परीने दिले आहे.

दादांचे उत्तर महिनाभराने आले. कौले बसली, ह्या पावसात घर गळले नाही, असे त्यात होते. शपथेचा उल्लेख नव्हता. शेवटी मात्र एक ओळ होती: "पोरीला सांग, खडपावर ते तुमचे शेवाळ यंदा पुष्कळ आले आहे." ती ओळ आम्ही जामनगरास फोन करून वाचून दाखविली. पलीकडे क्षणभर शांतता होती, मग मुलीने विचारले, "डिसेंबरात तिकडे उधाणाची ओहोटी कोणत्या तारखेला आहे, बाबा? कोष्टक बघून सांगा."